अंगणवाडी दहाला उघडते, आई आठला ठिय्यावर

संपादक महोदय,

नमस्कार. पारडीतल्या आमच्या घराची समोरची खोली अंगणवाडीला भाड्यानं दिली आहे (भाडं तीन-तीन महिने येत नाही, पण तो विषय वेगळा), त्यामुळं तिथं काय चालते ते मला घरबसल्या दिसते. बाजूच्या वस्तीत बालाघाट, शिवनीकडची बांधकाम मजुरांची घरं आहेत. दिवाळीच्या आधी अंगणवाडीच्या ताईनं तिथल्या एका अडीच वर्षाच्या पोट्टीच्या दंडाला घेर मोजायची ती रंगीत पट्टी लावली तर तिला वाटलं बांगडी घालून राहिल्या, तिनं दुसरा हात पण पुढं केला. पट्टी लाल, 11.2 सेंटिमीटर. साडेअकराच्या खाली म्हणजे तीव्र कुपोषण.

ताई संध्याकाळी स्वतःच्या वेळेत तिच्या घरी गेली, मी पण सोबत होती. पोषण पुनर्वसन केंद्रात भरती करा, साधारण 14 दिवस, आईनं पण राहायचं, जेवण औषध फुकट, बुडीत मजुरी पण भेटते, सगळं समजावलं. आई म्हणे मोठ्या दोघांना कोण पाहील? आणि मजुरी खात्यात येईल तेव्हा येईल, खोलीचं भाडं तर आजच द्यायचं आहे, ठेकेदार चार दिवसांत दुसरी बाई घेतो. आता याला लोक सरळ म्हणतात की आईलाच लेकराची काळजी नाही. मला तर याचा लय राग येतो.

शेवटी शेजारच्या आजीनं दोघांना ठेवून घेतलं, रात्रीचं जेवण आमच्याकडून, आणि आई पोट्टीला घेऊन केंद्रात गेली. नवव्या दिवशी मोठ्याला ताप आला तर परत आली. काय चुकलं तिचं?

घरी आल्यावर अंगणवाडीच्या आहाराच्या पाकिटांचं वेगळंच नाटक. 1 जुलै 2025 पासून घरी न्यायच्या आहाराला मोबाईलवर चेहरा दाखवावा लागते, ताई म्हणते नोंद आईची आहे तर चेहरा पण आईचाच पाहिजे, अन् आधारचा ओटीपी नवऱ्याच्या फोनवर जाते, नवरा साईटवर. आई सकाळी आठला ठिय्यावर, म्हणजे मजूर कामासाठी थांबतात त्या जागी, उभी, अंगणवाडी दहाला उघडते. पाकिटं कपाटात तशीच, ताईचे हात बांधलेले, वरून ॲपमध्ये आकडा कमी दिसला की बोलणी तिलाच.

माझं एवढंच म्हणणं आहे की मजुरांच्या वस्तीत आठवड्यातून दोन दिवस तरी अंगणवाडी संध्याकाळी सहानंतर उघडा, त्याचं मानधन ताईला वेगळं द्या, आईनं सांगितलेल्या शेजारणीच्या हाती पाकीट देऊ द्या, आणि आई केंद्रात असते तेवढे दिवस बाकीची पोरं सांभाळणाऱ्या आजीला पण रोजचे काही पैसे द्या. जागेची अडचण असेल तर खोली आमची आहे, संध्याकाळचं भाडं मागणार नाही.

पोट्टीची पट्टी परवा पिवळ्यावर होती, 11.8.

आपली वाचक,
अंगणवाडीची घरमालकीण, पारडी, नागपूर