बाबा, पेपरात नाही म्हणजे मिटलं असं नाही

अद्रे, पूर्व चाड

प्रिय आई-बाबा,
सप्रेम जय भीम.

फोन मध्येच तुटला म्हणून लिहायला बसले. दादा मोठ्या अक्षरांत प्रिंट काढून देईल. मोबाईलवर डोळे ताणून वाचू नका.

बाबा, तुम्ही परवा म्हणालात, "सुदानचं आता पेपरात काही येत नाही, निवळलं असेल. ये आता." मी हो-हो म्हटलं आणि लाईन गेली. तर सरळच सांगते. मी इथल्या कामाची मुदत सहा महिन्यांनी वाढवून घेतली आहे. सही करून झाली. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मी नसेन.

आई, थांब, लगेच चष्मा काढून ठेवू नकोस. पुढे वाच.

निवळलेलं काही नाही. 15 एप्रिल 2023 ला खार्टूममध्ये सैन्य आणि आरएसएफ हे निमलष्करी दल एकमेकांवर तुटून पडले, तेव्हा ऑपरेशन कावेरीमुळे आपल्याकडे घरोघरी सुदान होतं. आपली माणसं पोर्ट सुदानहून जेद्दाहमार्गे सुखरूप परतली, आणि टीव्हीवरचं सुदान तिथेच संपलं. मग 2025 च्या ऑक्टोबरात दीड वर्षाच्या वेढ्यानंतर पश्चिम सुदानच्या दारफुरमधलं अल-फाशर शहर आरएसएफच्या हाती पडलं, तेव्हा पुन्हा चार दिवस बातम्या. या लढाईत एक कोटीहून जास्त लोकांची घरं सुटली. मी आहे त्या अद्रेपासून सरहद्द अगदी जवळ, पलीकडे सुदानातलं अल-जेनिना. 2023 च्या जूनमध्ये तिथे मसालित जमातीच्या लोकांची कत्तल झाली आणि बायका पोरांना पाठीशी बांधून चालत इकडे आल्या. पाठीवर आलेली ती पोरं आता आमच्या दवाखान्याच्या आवारात धुडगूस घालतात. आणि याच भागातल्या छावण्यांत 2003 च्या दारफुरच्या लढाईतले चार लाखांवर लोक आधीपासून राहत होते. त्यांच्याबद्दल शेवटचं कधी वाचलंत?

माझं काम तुम्हाला वाटतं तसं गोळीबारातलं नाही. सकाळपासून लहान मुलांच्या दंडाला मोजपट्टी लावते. दंडाचा घेर 115 मिलिमीटरच्या खाली गेला की पट्टीवर लाल रंग येतो, म्हणजे पोर धोक्यात. मग त्याला शेंगदाण्याच्या घट्ट लगद्याची पाकिटं द्यायची, आईने घरी भरवायची, आणि ठरलेल्या दिवशी पोराला पुन्हा दाखवायला आणायचं. असं कित्येक आठवडे. मध्ये खंड पडला की पोर परत लालमध्ये. म्हणजे यात सगळी करामत चिकाटीची, आणि नेमकी तीच जगाला जमत नाही. 2025 च्या सुरुवातीला अमेरिकेने मदत रोखली, बाकीच्यांनीही हात आखडले. रेशन घटलं, हाताखालची माणसं घटली. त्यात जूनपासून इथल्या कोरड्या नद्यांना पूर येतात, ट्रक अडकून पडतात. (पाणी कुठवर चढलं ते सांगायला इथे आपल्या गोदेतल्यासारखा दुतोंड्या मारुती नाही.) माझ्या जागी कोणी येईलही, पण अरबी शिकेस्तोवर त्याचा पावसाळा जाईल. आता कुठे बायका मला पोराच्या जुलाबाशिवायचंही काही सांगायला लागल्या आहेत. ते सोडून निघणं माझ्याच्याने होईना.

आणि हे तुमच्याकडूनच आलंय, तेव्हा रागवायचं असेल तर आरशात बघून रागवा. काळारामाचा सत्याग्रह म्हटला की लोक 2 मार्च 1930 चा मोर्चा सांगतात. आपले आजोबा, तुमचे तात्या, त्या दिवशी नव्हतेच, हे तुम्ही केवढ्या तोऱ्यात सांगता! ते गेले नंतर, गर्दी ओसरल्यावर, दादासाहेब गायकवाडांचा निरोप आला म्हणून, पाळी लावून दाराशी बसायला. सत्याग्रह सुमारे पाच वर्षं चालला. दार उघडलं नाही, पण तात्यांनी पाळी चुकवली नाही, हे तुमचंच वाक्य. मग माझ्या पाळीला "निवळलं असेल" का हो?

चिडून नाही लिहिलं हं. लाडाने लिहिलं.

माझी काळजी नको. पक्की खोली आहे, मच्छरदाणी आहे, सौर पंखा आहे, पाणी शुद्ध केलेलं. सरहद्दीपलीकडे मी जात नाही. जेवणात असिदा, म्हणजे ज्वारीची घट्ट उकडच, वर पातळ कालवण. ज्वारीची भाकरीही थापते; कडा फाटतात, आई, तुझ्यासारखी जमत नाही. आणि माझा पासपोर्ट नाशिक रोडच्याच प्रेसमध्ये छापलेला. नाक्यावरचा शिपाई तो चाळायला लागला की मला शिफ्ट सुटून आलेले बाबा दिसतात. बाबा नोटा छापतात म्हणून मी तुमचे खिसे उलटेपालटे करायची आणि निघायचे फुटाणे. अर्धे माझे, अर्धे दादाचे, सालं तुमच्या शर्टावर.

आता ऐका. आई, आधी साखर आटोक्यात, मगच ऑपरेशनची तारीख. नंतर थेंब वेळच्या वेळी. वहिनीला तक्ता करून पाठवला आहे, तिच्याशी वाद घालू नकोस. डॉक्टर सांगतील तोवर डोक्यावरून पाणी नाही, वाकून झाडणं नाही, चुलीपाशी धुरात बसणं तर मुळीच नाही. वर्षावासातलं ग्रंथवाचन यंदा दुसऱ्या कुणाला करू दे, तू ऐक. बाबा, सिंहस्थाच्या कामांनी रस्ते उखडलेत म्हणे, तर संध्याकाळी कॉलनीतच फिरा. छातीत जड वाटलं तर गॅस म्हणून सोडा पीत बसायचं नाही, दादाला उठवायचं. रात्री दोन वाजले असले तरी.

विहारातल्या बायका साड्या गोळा करताहेत असं कळलं. आई, त्यांना दुखावू नकोस, पण साड्या नकोत. पाठवण्याचा खर्चच त्यांच्या किमतीहून जास्त. 2023 मध्ये एकदा वर्गणी झाली होती तशी आता दर महिन्याला थोडी थोडी करा, पन्नास रुपये का होईना. कुठे पाठवायची ते दादा नीट चौकशी करून सांगेल. चार महिन्यांनी बायका कंटाळतील, तेव्हा तू कंटाळू नकोस.

पाऊस सरला की ऑक्टोबरात येते. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आपण तिघं त्रिरश्मी लेण्यांवर जाऊ, पायऱ्या हळूहळू चढू.

आमच्यातली एकजण पुढच्या महिन्यात मुंबईहून इकडे निघते आहे. तिच्याबरोबर काळा मसाला पाठव, अर्धा किलोच. लोणचं नको, गळतं. आणि पुडीवर तुझ्या हाताने नाव लिही, ऑपरेशनच्या आधी.

तुमची,
चिमी