इथलं बेदाणा शेड

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "तिकडं द्राक्षाला दर काय?" आणि नेमकी लाईन गेली. म्हणून सविस्तर लिहिते.

इटलीत व्हेरोना शहराच्या वायव्येला, डोंगराला लागून वाल्पोलिचेल्ला म्हणून भाग आहे. तिथं नेग्रारच्या वरच्या अंगाला क्विंतारेल्ली घराण्याची बाग आहे. ज्युसेप्पे क्विंतारेल्ली २०१२ साली वारले, आता लेक आणि नातवंडं बघतात. त्यांची 'आमारोने' ही लाल वाईन जगभर नावाजलेली. लेबल हातानं लिहिल्यासारखं, आणि एका बाटलीला ३०० युरोंच्या वर मोजावे लागतात. आपले ३० हजार धरा. आई, घाबरू नकोस, मी घेतलेली नाही. बाबांच्या गळ्यात माळ आहे हेही मला ठाऊक आहे. पण वाईन व्हायच्या आधी तिथं जे चालतं, ते बाबांना सांगितल्याशिवाय राहवत नाही.

बाबा, हे लोक द्राक्षं वाळवतात! कोर्विना, कोर्विनोने, रोंदिनेल्ला अशा काळ्या जातींचे घड सप्टेंबर-ऑक्टोबरात काढायचे आणि माळ्यावर एका थरात पसरायचे. पूर्वी बोरूच्या चटया असत. त्याच चटयांवर रेशमाचे किडेही पाळत. आता बहुतेक ठिकाणी क्रेट दिसतात. घड लवकर वाळावेत म्हणून बुडवायचं डिपिंग ऑइल नाही, गंधकाची धुरी नाही. नुसता वारा. आपला बेदाणा पंधरवड्यात रॅकवरून खाली येतो, इथं थंडीत तीन-चार महिने जातात. आपण चार किलोचा एक किलो करतो. इथं वजन साधारण तिसरा हिस्सा घटलं की बास. मणी सुरकुतला पाहिजे, पण आत रस राहिला पाहिजे. धोका मोठा. धुकं दाटलं, हवा कोंडली की बुरशी. मग खिडक्या उघडा, लावा, घड उलटून बघा, खराब मणी काढा. अवकाळीच्या रात्री ताडपत्री घेऊन शेडकडं धावणाऱ्या माणसाला हे मी काय समजावून सांगणार!

आता हिशेब. कायद्यानं हेक्टरी १२ टनांच्या वर माल धरता येत नाही, म्हणजे एकरी पाच टनही नाही. १०० किलो ताज्या द्राक्षांमागं वाईन फार तर ४० लिटर. क्विंतारेल्लींकडं ती ओकच्या मोठ्या पिंपांत सात-सात वर्षं मुरते. तेवढी वर्षं पैसा अडकलेला. सोसायटीचं कर्ज डोक्यावर असताना हे कुणाला परवडेल? म्हणून दर ऐकून दिपून जाऊ नका. अर्धा दर त्या थांबण्याच्या ऐपतीचा आहे, असं माझं मत.

एक गोष्ट मात्र तुम्हाला पटेल. ज्या साली माल मनासारखा उतरत नाही, त्या साली ते आमारोने हे नाव लावत नाहीत. तीच वाईन 'रोस्सो देल बेपी' म्हणून कमी दरात काढतात. तुम्हीही पाऊस लागलेला बेदाणा चांगल्या बॉक्सच्या तळाला कधी घालू दिला नाही. दादाची त्यावरून किती कुरकुर चालायची!

माझा आग्रह आहे, येत्या डिसेंबरात दोघं या. एरवी १ डिसेंबरच्या आधी ही द्राक्षं गाळपाला घेता येत नाहीत, त्यामुळे तेव्हा माळे भरलेले सापडतील. एखाद्या माळ्यावर जाऊ द्यायची सोय मी बघते. प्यायचं काही नाही, नुसतं बघायचं. जुन्या बागाही आपल्यासारख्या मांडवावरच आहेत. आपली ऑक्टोबर छाटणी तोवर उरकलेली असेल. डावणी रोगाची भीती असते हे कळतं, पण दादा फवारणी सांभाळीन म्हणाला आहे. त्याला एकदा करू द्या की.

आई, तुझ्या गुडघ्यांचं म्हणशील तर माळ्याचे जिने चढू नकोस, खाली बस. थंडी कडक असते, लोकरीचे मोजे इथं घेऊ.

पासपोर्टचा फॉर्म दादा भरेल. आधारवरची जन्मतारीख आणि शाळेच्या दाखल्यावरची एकच आहे ना, ते आधी बघा. बाबांची बहुतेक वेगळी आहे.

तुमची,
वैशाली