मागचं चाक म्हणजे नक्की कुणाचं मागचं?

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग,
रोडसाइड असिस्टन्स सेवा

विषय: ट्रेलरचा टायर फुटल्यावर मिळालेली (खरं तर न मिळालेली) मदत, आणि तरीही केस "पूर्ण" दाखवल्याबद्दल

महोदय / महोदया,

तुमच्या कस्टमर केअरला दोनदा फोन करून झाला, दोन्ही वेळा "तुमचा फीडबॅक नोंदवला आहे सर" एवढंच ऐकलं, म्हणून आता सगळं लिहूनच काढतोय. पत्र लांबणार आहे, रात्रही लांबलचकच होती.

आधी माझं काम सांगतो म्हणजे पुढचं समजेल. मी साउंडचं काम करतो, स्पीकर, अ‍ॅम्प, स्टँड, केबलच्या पेट्या असं सगळं दोन अ‍ॅक्सलच्या (म्हणजे चाकांच्या एकामागे एक दोन जोड्या असलेल्या) बंद ट्रेलरमधे भरून महिन्यातून तीन-चार वेळा लांबचा प्रवास असतो. तुमचं मेंबरशिप कार्ड मी घेतलं ते फक्त एका ओळीसाठी. तुमच्या माहितीपत्रकात पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात छापलंय, "तुमची गाडी आणि तिला जोडलेला ट्रेलर, दोघांची काळजी आमची". साध्या गाडीसाठी मला कुणाची गरज नव्हती हो, गाडीची स्टेपनी मी वीस मिनिटात बदलतो.

तर त्या रात्री हायवेला ताशी ८० ने चाललो होतो. ट्रेलरचा टायर फुटला की ते गाडीत जाणवतंच असं नाही, हे ज्यांनी ट्रेलर ओढलाय त्यांना माहीत असतं, विशेषतः दोन अ‍ॅक्सल असले की दुसरं चाक भार उचलून धरतं आणि स्टिअरिंगला काही कळतच नाही. मलाही एका ट्रकवाल्या काकांनी बाजूने हॉर्न देत हात दाखवला तेव्हा आरशात बघितलं तर मागे धूर आणि रबराची पट्टी फटाफट मडगार्डवर आपटतेय. बाजूला घेऊन उतरलो तर ट्रॅफिकच्या बाजूचं, दोनपैकी मागचं चाक. टायरची वरची ट्रेड अख्खी सोलून निघाली होती, त्या पट्टीने मडगार्ड आत दाबला होता आणि मागच्या लाइटची वायर तोडली होती.

इथे एक गोष्ट कबूल करून टाकतो म्हणजे तुमच्याकडून तेच उत्तर यायला नको. टायर जुना होता. टायरच्या बाजूवर छापलेल्या कोडचे शेवटचे चार आकडे २३१९, म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. ट्रेलरचे टायर झिजून क्वचितच जातात, ते वयाने जातात, वरून नक्षी नव्यासारखी दिसते आणि आतून सुटत आलेलं असतं, पाच-सहा वर्षात बदलावे असं सगळेच सांगतात आणि मी "अजून एक सीझन" करत बसलो. ती चूक माझी, टायरचे पैसे मी तुमच्याकडे मागत नाहीये. तक्रार पुढची आहे.

१० वाजून ४० मिनिटांनी फोन लावला. मॅडम आवाजाने चांगल्या होत्या, त्यांच्यावर राग नाही, पण त्यांच्यासमोर जो फॉर्म होता त्याच्यावर आहे. आमचं बोलणं साधारण असं झालं:

"सर गाडीचं मॉडेल?"
"गाडी ठीक आहे मॅडम, ट्रेलरचा टायर गेलाय."
"ओके सर, गाडीचं मॉडेल सांगा ना."
सांगितलं.
"कुठलं चाक सर, पुढचं का मागचं?"
"ट्रेलरचं. दोन अ‍ॅक्सल आहेत, त्यातलं मागचं, ड्रायव्हर साइडचं."
"ओके, मागचं, ड्रायव्हर साइड. स्टेपनी आहे का?"
"ट्रेलरची आहे, हवा भरलेली आहे. पण नट २१ मिलिमीटरचा आहे आणि लोड भरलेला आहे, मोठा जॅक लागेल, तेवढं लिहून घ्या."
"नोट केलंय सर."

काय नोट केलं ते पुढे कळलंच. मधेच त्यांनी एक सल्ला दिला तो मात्र विसरणार नाही. म्हणाल्या, तुमची बाकीची तीन चाकं चांगली आहेत ना, मग हळूहळू पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत या, १८ किलोमीटरच आहे, तिथे आमच्या माणसाला सोपं पडेल. अहो, एका बाजूची दोन चाकं जे वजन वाटून घेत होती ते आता एकट्यावर आलंय. त्या एकट्या टायरला त्याच्या कुवतीपेक्षा कितीतरी जास्त भार, त्यात गरम झालेला, तो १८ किलोमीटर चालवायचा म्हणजे दुसराही फोडून घ्यायचा आणि मग ट्रेलर एका अंगावर. थांबल्यावर मी त्या शेजारच्या टायरजवळ हात नेला तर लांबूनच चटका लागत होता. (तो टायर मी घरी आल्यावर बदलला, वरून काही दिसत नव्हतं तरी, कारण एकदा असा भार सोसलेल्या टायरवर मी पुन्हा भरवसा ठेवणार नाही.) हा सल्ला तुमच्या ट्रेनिंगमधून येत असेल तर आजच्या आज बंद करा, कुणाचातरी जीव जाईल.

४५ मिनिटं सांगितली होती. माणूस आला दीड वाजता. मधल्या वेळात मी आणि माझा मदतनीस मागे लांबवर ट्रायँगल ठेवून, गाडीत न बसता, बाजूच्या कठड्यापलीकडे गवतात उभे होतो. मोठा ट्रक बाजूने गेला की अख्खा ट्रेलर डुलायचा. चार वेळा फोन केला, चारही वेळा "रस्त्यात आहे सर". रस्त्यात तर आम्हीच होतो की.

आता जे झालं ते नीट वाचा. तुमचा पोरगा छोटी व्हॅन घेऊन आला, नम्र, चुणचुणीत. आला तो सरळ माझ्या गाडीच्या मागच्या चाकाकडे गेला, टॉर्च मारला, टायरला लाथ मारून बघितली, आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "साहेब, हवा तर आहे." त्याच्या मोबाइलवर लिहिलं होतं: मागचं चाक, ड्रायव्हर साइड, पंक्चर. ट्रेलर हा शब्दच नाही. २१ चा नट नाही, लोड नाही, काही नाही. बिचाऱ्याने व्हॅन उघडून दाखवली, त्यात गाडीचा छोटा जॅक, १७ आणि १९ चा पाना, पंक्चर किट. ट्रेड सोललेल्या टायरला पंक्चर किट काय करणार?

जॅक घेऊन तो वाकला आणि अ‍ॅक्सलच्या पाइपच्या मधोमध लावायला लागला, मी ओरडलोच. तो पाइप पोकळ असतो, भरलेल्या ट्रेलरला मधे जॅक लावला की वाकतो, आणि अ‍ॅक्सल वाकला की पुढे टायर एका बाजूने खात राहतात, कळतही नाही का खातायत ते. जॅक लावायचा तर चेसीसला, स्प्रिंगचे पाटे जिथे बसवलेले असतात त्या जागेजवळ. पण त्याचा जॅक तिथपर्यंत पोचतच नव्हता. त्याला म्हणलं, तुला हे कुणी शिकवलं नाही का? म्हणाला, साहेब, ट्रेलरचं पहिल्यांदाच. त्याला बोलण्यात काय अर्थ होता, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

मग त्याने ऑफिसला फोन लावून मला दिला. तिकडून दुसरे साहेब. म्हणाले फ्लॅटबेड (गाडी वर चढवून न्यायचा ट्रक) पाठवतो, दोन तास लागतील. मी विचारलं फ्लॅटबेडवर काय चढवणार, गाडी का ट्रेलर? गाडी. अहो पण गाडी चालू आहे, तिला काय झालंय? तर म्हणे नियमानुसार टोइंग फक्त रजिस्टर्ड वाहनाला, ट्रेलरला टोइंग नाही, तुम्ही ट्रेलर सोडवून तिथेच ठेवा आणि गाडी घेऊन या. म्हणजे चांगली गाडी उचलून न्यायची आणि फुटलेल्या चाकाचा ट्रेलर, आत माझ्या पोटापाण्याचं सगळं सामान, रात्री दोन वाजता हायवेच्या कडेला, मागची लाइट बंद अवस्थेत सोडून जायचा. शिवाय भरलेला ट्रेलर एका फुटक्या चाकावर असताना हुकवरून सोडवायचा नसतो, गाडीने तो धरून ठेवलाय हीच तर तेव्हा एकमेव चांगली गोष्ट असते. मी दोनदा विचारलं, माहितीपत्रकात "दोघांची काळजी" लिहिलंय ते काय? म्हणाले, सर ते टायर बदलण्यापुरतं आहे, टोइंगला नाही, आत अटींमधे आहे. बरं मग टायर बदला! तर म्हणे त्यासाठी आमचा माणूस पोचलेला आहे.

माणूस पोचला होता हे खरंच. माझ्या शेजारी उभा होता, १९ चा पाना हातात धरून.

शेवटी चाक कसं बदललं ते सांगतो, कारण तुमच्या लोकांना उपयोगी पडेल. माझ्याकडे स्पीकरखाली द्यायचे लाकडी ठोकळे असतात, रुंद, जाड. दोन अ‍ॅक्सलच्या ट्रेलरला जॅक नसला तरी चालतं, त्याच बाजूचं चांगलं चाक उंचावर चढवलं की फुटलेलं चाक आपोआप हवेत लटकतं. तर पुढच्या चांगल्या चाकासमोर ठोकळ्यांची पायरी केली. त्याआधी नट जमिनीवरच सैल करून घ्यायचे, चाक वर गेलं की ते फिरतं आणि नट सुटत नाहीत. पण २१ चा पाना कुठून आणायचा? माझा होता तो नेमका गोडाउनमधे राहिलेला, ही माझी दुसरी चूक, लिहून घ्या. व्हॅनची पिवळी लाइट बघून एक ट्रकवाले काका थांबले, त्यांच्याकडे मोठा क्रॉस पाना होता. नट सैल केले, मदतनीस मागून टॉर्च दाखवतोय, मी गाडी इंच इंच पुढे घेतोय, चाक ठोकळ्यावर चढलं. तीन ठोकळ्यांनी फुटलेलं चाक निघालं पण स्टेपनी बसेना, कारण फुटलेल्या टायरपेक्षा हवा भरलेल्याला जास्त जागा लागते, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. परत मागे, चौथा ठोकळा, परत वर. आता बसलं. तुमच्या पोराने खरं तर खूप मदत केली, नट समोरासमोरचे आवळत गेला, शेवटी पान्यावर उभा राहून उड्या मारायला लागला तेव्हा थांबवलं, स्टड, म्हणजे नट बसतात ते बोल्ट, ताणले जातात तसे. त्याची तक्रार अजिबात नाही, त्याच्या पगारातून काही कापलंत तर मला कळवा, मी येऊन भांडेन.

हे सगळं चालू असताना, म्हणजे चाक अजून जमिनीवर आडवं पडलेलं असताना, माझ्या खिशात मोबाइल वाजला. १ वाजून ५२ मिनिटं. "प्रिय ग्राहक, आपली केस यशस्वीरीत्या पूर्ण झाली आहे. कृपया आम्हाला ५ पैकी रेटिंग द्या." मी तो मेसेज ट्रकवाल्या काकांना वाचून दाखवला. ते बराच वेळ हसत होते.

तिथून निघालो ते हळूच. बदललेल्या चाकाचे नट पहिल्या १५ किलोमीटरला, मग ४० ला, मग ८० ला तपासायचे असतात. पहिल्याच वेळी दोन नट चक्क पाव पाव वेढा फिरले. काकांनी पाना मला देऊन टाकला होता म्हणून जमलं. तुमच्याकडून हे तपासायला सांगणारा एक शब्दही आला नाही. पोचायला सकाळचे सहा वाजले, साउंड चेक हुकला, पार्टीने पैसे कापले.

आणि वर कडी म्हणजे अ‍ॅपमधे बघितलं तर वर्षाच्या चार कॉलपैकी एक "वापरला" दाखवताय. काय वापरलं मी? पिवळी लाइट?

मला काय पाहिजे ते आता स्पष्ट लिहितो. तो कॉल परत जमा करा. या वर्षाची मेंबरशिप फी परत द्या, कारण ज्या ओळीसाठी ती भरली ती ओळ आतल्या पानावर तुम्हीच पुसून टाकलीय, किंवा मग टोइंगमधे ट्रेलर घ्या आणि तसं लेखी द्या, दोन्हीपैकी काय ते तुम्ही ठरवा. १ वाजून ५२ मिनिटांनी केस कुणी आणि काय बघून बंद केली त्याचं उत्तर पाहिजे, कारण पोरगा सांगत होता त्याने काहीच दाबलेलं नाही. आणि तो फॉर्म बदला हो. पहिलाच प्रश्न, टायर गाडीचा का ट्रेलरचा. मग अ‍ॅक्सल किती, भरलेला का रिकामा, स्टेपनी आहे का, नट कितीचा. फोनवर अर्धा मिनिट जाईल. माझे तीन तास त्या अर्ध्या मिनिटात वाचले असते.

फुटलेल्या टायरचे, मडगार्डचे, ठोकळ्यांवर चढवलेल्या चाकाचे आणि त्या मेसेजचे फोटो सोबत जोडलेत. कॉल रेकॉर्डिंग तुमच्याकडे आहेच, "नोट केलंय सर" तिथे ऐकू येईल.

१५ दिवसात लेखी उत्तर द्या. फोन नको, फोनवर फीडबॅक नोंदवून होतो.

आपला,
एक मेंबर
(मेंबरशिप नंबर अर्जात वर भरलाय. वाहनाचा प्रकार या रकान्यात इथेही ट्रेलर हा पर्याय नाही, म्हणून "इतर" निवडलंय.)