गट नंबरचा अर्धा होतो तेव्हा

दारव्हा, जि. यवतमाळ
१४ नोव्हेंबर

प्रिय सुधाकर,

तुझं पत्र मिळालं. ग्रामपंचायतीत संगणकाचं काम लागलं हे ऐकून आईनं देवापुढं साखर ठेवली. पण ग्रामसभेचं इतिवृत्त टाइप करताना ठरावांचे नंबर आपोआप पुढं पळतात आणि तू रात्री जागतोस, हे वाचून राहवलं नाही. सध्या सारा गाव कापसाच्या वेच्यात आहे, माझ्या टायपिंगच्या केंद्रावर गर्दी नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

संगणक बिघडलेला नाही, गड्या. आकडा, टिंब आणि स्पेस दिली की वर्डला वाटतं यादी सुरू झाली. मग एंटर मारलं की पुढचा नंबर तेच टाकतं, तुला तिथं चर्चेचा मजकूर लिहायचा असला तरी. नंबर असा लागला रे लागला की दुसरं काही न टाइप करता कंट्रोल-झेड दाब. तुझा आकडा राहतो, वर्डनं केलेला बदल तेवढा निघतो. सहीच्या जागेसाठी रिकाम्या ओळीत तीन-चार डॅश देऊन एंटर मारलं की पानभर रेघ उमटते, ती माउसनं धरताच येत नाही. कारण ती अक्षरं नसतात, वरच्या परिच्छेदाची किनार असते. कर्सर त्या परिच्छेदात ने आणि होममधल्या बॉर्डर्समधून ‘नो बॉर्डर’ निवड.

एवढ्यानं फक्त पान खराब दिसतं. मला खरी धास्ती दुसऱ्या गोष्टीची आहे. मागं एक म्हातारे बाबा वाटणीचा अर्ज टाइप करायला आले. जमिनीचा गट नंबर १/२, म्हणजे एक नंबरच्या गटाचा दुसरा हिस्सा. मराठीत लिहितानाही आकडे आपण इंग्रजीच मारतो. स्पेस दिली आणि पडद्यावर आलं ½. गट नंबर गेला, अर्धा आला! भावाभावांत शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, आधीच तंटा, त्यात बाबांना वाचता येत नाही. मी जे छापीन त्याच्यावर ते अंगठा देणार होते. कागदावर त्यांचंच म्हणणं उतरलं पाहिजे. त्यात यंत्रानं स्वतःच्या मनानं एक खूणही बदललेली मला चालत नाही.

म्हणून हे कायमचं बंद कर. फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग, मग ऑटोकरेक्ट ऑप्शन्स. तिथं ‘ऑटोफॉर्मॅट अ‍ॅज यू टाइप’ या टॅबमध्ये फ्रॅक्शन्स, बॉर्डर लाइन्स आणि आपोआप लागणाऱ्या दोन्ही याद्यांच्या (नंबरांच्या आणि ठिपक्यांच्या) खुणा काढ. पंचायतीत दुसरा संगणक असला तर त्यावरही कर. फाइल पेनड्राइव्हनं तिकडे गेली तरी ही सेटिंग तिच्यासोबत जात नाही.

लाभार्थ्यांच्या याद्या एक्सेलमध्ये करशील तेव्हा जास्त जप. तिथं गट नंबर म्हणून ३/२ टाकलं की ३ फेब्रुवारी होते. नंतर तो रकाना ‘टेक्स्ट’ केलास तर पंचेचाळीस-शेहेचाळीस हजारांच्या घरातला भलताच आकडा दिसतो, कारण एक्सेल तारखा दिवस मोजून ठेवतं. मूळ नंबर परत येत नाही, पुन्हा टाइप करावा लागतो. बँक खात्याच्या सुरुवातीचं शून्यही असंच गळतं आणि मग पैसे अडकतात. म्हणून रकाना आधी ‘टेक्स्ट’ कर, नंतर नंबर भर. हा त्रास आपल्यालाच आहे असंही नाही. मार्च आणि सप्टेंबरच्या इंग्रजी नावांसारखी दिसणारी मानवी जनुकांची नावं एक्सेल तारखा करून टाकायचं. शेवटी २०२० मध्ये नामकरण समितीनं ती नावंच बदलली. बाबांचा गट नंबर मात्र कोणी बदलून देणार नाही, तो आपल्यालाच सांभाळायचा आहे.

इतिवृत्ताची फाइल मला पाठव. ठरावांचे नंबर मी सरळ करून देतो, म्हणजे येत्या सभेआधी तुला वाचून पाहायला वेळ राहील. काकूंना नमस्कार सांग. त्यांच्या गुडघ्याचं काय झालं तेही लिही.

तुझा,
प्रमोद