सिनेमा 1974 ला संपतो

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

काल तू फोन ठेवलास, त्यानंतर मी पुन्हा लावला नाही. लावला असता तर परत तेच बोलले असते. म्हणून लिहिते आहे. डोक्याचा विषय एकदाच काढायचा, असं ठरवून बसले आहे.

बॉक्सर मुहम्मद अलीवरचा 'अली' सिनेमा तू तीनदा पाहिलास. मलाही आवडतो. अली झालेला विल स्मिथ त्यासाठी खरोखर बॉक्सिंग शिकला, ते त्याच्या पायांत दिसतं. पण तो सिनेमा 1964 च्या सनी लिस्टनबरोबरच्या लढतीपाशी सुरू होतो आणि 30 ऑक्टोबर 1974 ला किन्शासात संपतो. समोरचा जॉर्ज फोरमन खाली, अलीचे हात वर. ते बघून तू जिममध्ये जातोस, तीन राउंड रिंगच्या रोपला पाठ लावून मार घेतोस आणि वर सांगतोस, "थोडंसंच दुखतंय डोकं."

किन्शासाला ते का जमलं, हे नीट बघ. रोप सैल होते, त्यामुळे अली कमरेतून मागे झुकायचा आणि त्याचं डोकं ठोशाच्या टप्प्याबाहेर राहायचं. हात उंच, कोपरं बरगड्यांना चिकटलेली. फोरमनचे बरेचसे ठोसे त्याने दंडांवर आणि कुशीत घेतले. अधूनमधून मानेवर हात टाकून त्याला खाली दाबायचा, लगेच सरळ उजवा मारायचा. फोरमनने तोवरच्या चाळीसही लढती जिंकल्या होत्या, त्यातल्या 37 नॉकआउटने. लढत लांबण्याची त्याला सवय नव्हती. आठव्या राउंडला त्याचे हात उचलेनात. लढत 15 राउंडची होती, म्हणून थांबणं परवडलं. तुझ्याकडे तीन मिनिटांचे तीन राउंड. समोरचा दमेपर्यंत बेल होते, आणि तोवर जजनी त्याचे स्वच्छ बसलेले ठोसे मोजलेले असतात. तू उलट मारत नाहीस असं दिसलं की रेफरी आठपर्यंत मोजतो. शिवाय सरावाच्या रिंगचे रोप ताणलेले असतात. पाठ टेकली की डोकं मागे न्यायला जागाच उरत नाही. मग बाजूने हूक येतो आणि मान गर्रकन फिरते. हेडगार्डने भुवई फुटायची वाचते, पण कवटीच्या आत मेंदू हलतो तो हलतोच.

आलेच बघ फिरून तिथेच.

सिनेमा जिथे थांबतो त्याच्या पुढचं सांगते. 1 ऑक्टोबर 1975 ला मनिलात जो फ्रेझियरबरोबर 14 राउंड. 1977 मध्ये त्याचे डॉक्टर फर्डी पाचेको त्याची साथ सोडून गेले, कारण आता थांब म्हटलेलं तो ऐकत नव्हता. 1980 मध्ये 38 व्या वर्षी अली लॅरी होम्ससमोर लढायला उभा राहिला. दहा राउंड नुसता मार, मग त्याच्या कॉर्नरनेच, म्हणजे त्याच्या बाजूच्या माणसांनीच, लढत थांबवली. 1984 मध्ये पार्किन्सनचं निदान झालं. तो आजार ठोशांमुळेच झाला का, यावर डॉक्टरांची मतं वेगवेगळी आहेत, म्हणून मी तसं ठासून म्हणणार नाही. पण 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकची ज्योत त्याने पेटवली, ते एकदा बघ. मशाल उजव्या हातात धरलेली, आणि डावा हात नुसता थरथरतोय. जगातला सगळ्यात चपळ डावा हात होता तो.

मनिलाला फ्रेझियरचा एक डोळा बंद झाला होता, दुसऱ्यानेही नीट दिसत नव्हतं. पंधराव्या राउंडसाठी तो उठायला बघत होता, तर त्याचा प्रशिक्षक एडी फचने त्याला उठू दिलं नाही. त्या लढतीतला सगळ्यात धीराचा माणूस मला फचच वाटतो. तुझ्या कॉर्नरला असं कोणी आहे का रे? दादाच्या वेळी कोणी नव्हतं. तो विषय इथे काढत नाही.

आता काय करायचं ते. सरांना आजच सांग, लपवू नकोस. अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नकोस, आत रक्तस्राव असेल तर तो वाढू शकतो. झोप घे, पण खोलीतल्या मुलाला सांगून ठेव. उलट्या, वाढत जाणारं दुखणं, बोलण्यात गोंधळ, डोळ्याची एक बाहुली मोठी दिसणं, जास्तीची गुंगी, हातापायात अशक्तपणा, यातलं एक जरी झालं तरी रात्र असो की दिवस, थेट हॉस्पिटल. एरवी एक-दोन दिवस विश्रांती, मोबाइलही कमी. मग हलकं चालणं, मग दोरी आणि हवेत ठोसे मारायचं शॅडो, मग बॅग. प्रत्येक पायरीला निदान एक पूर्ण दिवस दे. दुखणं परत आलं तर एक पायरी खाली. पॅड आणि समोरासमोरचं स्पारिंग डॉक्टरांनी लिहून दिल्यावरच. घाई कशी अंगाशी येते ते ऐक: पहिला धक्का पुरता ओसरला नसताना दुसरा बसला, तर तो साधा ठोसाही भारी पडतो.

फारच उपदेश झाला. तुला राग येणार, येऊ दे. काल मी "तुला अक्कल नाही" म्हणाले ते चुकलं. अक्कल आहे, म्हणूनच भीती वाटते, कारण तू मुद्दाम केलंस. आणि पाठवलेल्या व्हिडिओत एक गोष्ट मी पाहिली: जॅब मारून तुझा हात सरळ गालाशी परत येतोय. पूर्वी कमरेपर्यंत पडायचा. तो मी चार वेळा मागे नेऊन बघितला, आजीलाही दाखवला. पाचव्यांदा बघताना नजर तुझ्या मानेवर गेली आणि बंद केला.

माउथगार्ड तू पुन्हा गरम पाण्यात टाकून बसवलास असं म्हणालास. मागून पातळ झाला असेल तर तो टाकून दे. त्याने दात वाचतात, डोकं नाही, तरी नवा घे. डॉक्टर देतील त्या कागदाचा फोटो पाठव, दोन्ही बाजूंचा.

तुझी
आई