चतुर्थीला यायचंच

फोंडा, गोवा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. शुगर निघाली म्हणून यंदा चतुर्थीला येत नाही, हे वाचून फार वाईट वाटलं. अरे, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं प्रमाण सगळ्यात जास्त आपल्या गोव्यातच आढळलं, २६.४ टक्के. आमच्याच पंगतीत मी आहे, वहिनी आहे, काका आहेत. तू कुणापासून तोंड लपवणार?

पान आपलं नेहमीचंच राहू दे. आधी मुगागाठी, अळूची भाजी पोटभर घे, भात मागून आणि एकच मूद. भाजी-कडधान्य आधी पोटात गेलं की साखर सावकाश चढते. खतखत्याच्या मिश्र भाजीतले कंद मात्र भाताच्या हिशेबात धर. तांदळाच्या पिठाची गोड पातोळी एक खा, तेवढा भात कमी कर. गूळ चालतो म्हणून कुणी आग्रह केला तर ऐकू नकोस, गुळानेही साखर वाढतेच.

मला खरी काळजी आहे ती उशिरा होणाऱ्या जेवणाची. तू ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी घेतोस. भटजी गावातली घरं करत आमच्याकडे पोचेपर्यंत दुपार होते, मग आरत्या, आणि घुमटाचं वादन एकदा रंगात आलं की कुणाला थांबवत नाही. सकाळची गोळी पोटात आणि वर अन्नाचा कण नाही, अशाने साखर एकदम उतरते. गेल्या चतुर्थीला काकांचं तेच झालं. हातातलं निरांजन थरथरायला लागलं, सदरा घामाने भिजला, बोलणं तुटक झालं. मशीनवर ७० च्या खाली आकडा. वहिनीने तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं, आकडा वर आल्यावर पेज दिली. माणूस शुद्धीत असेल तरच असं पाजायचं, नाहीतर तडक दवाखाना.

म्हणून त्या दिवशी गोळी कधी घ्यायची ते डॉक्टरांना आधीच विचारून ये. आपल्या मनाने बंद करू नकोस. पूजेआधी तुला खायला देऊ, आमच्या घरात त्याला कुणी नावं ठेवत नाही.

जेवल्यावर लवंडायचं नाही, आपण तळीपर्यंत चालत जाऊ, किती दिवसांच्या गप्पा राहिल्यात! अंगण शेवाळलेलं असतं, चपला घालूनच फिर. रात्री भजनाहून परतलं की पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या कर, तळवे उजेडात नीट बघ. साखरेने पायाची जाणीव कमी होते, मग काटा मोडलेलाही कळत नाही. आणि डोळ्यांचा पडदा तपासून घेतलास का? नसशील तर येण्याआधी घे, दिसायला चांगलं असलं तरी.

मशीन आणि तिच्या पट्ट्या आठवणीने आण, माझ्या पट्ट्या तुझ्या मशीनला चालायच्या नाहीत. आदल्या दिवशी दुपारच्या कदंब बसने ये. गणपतीवर टांगायची फळांची माटोळी बांधायला घरात तुझ्याएवढा उंच कुणी नाही.

तुझाच,
फोंड्याचा मित्र