राप्टरच्या हँडलबद्दल, अन् घरचं थोडं

मदाम, शारजा
ऑगस्ट

प्रिय लहान्यास,

अनेक आशीर्वाद. बाबांना अन् मायला नमस्कार सांग. मी खुशाल आहे. खोली, जेवण, ड्युटी सगळं आधीसारखंच आहे, ते पुन्हा लिहीत नाही.

मोहर्लीकडच्या रिसॉर्टवाल्याची जुनी राप्टर ७०० (यामाहाची चार चाकांची क्वाड) तू दुरुस्तीला घेतली, तिचा व्हिडिओ पाहिला. गाडी डावीकडे ओढते अन् वेग घेतला की हँडल थरथरते. फोनवर तुकड्या-तुकड्यात सांगितलं तर अर्धं राहून जाते, म्हणून लिहून पाठवून राहिलो. कागद गॅरेजात ठेवजो.

लगेच पार्ट मागवू नको. आधी हवा पाहा. पुढच्या टायरांत ४ ते ५ पीएसआय, एवढीच लागते. आपल्याकडच्या पंपाचा काटा इतक्या खाली खरं सांगत नाही. एकात ३ अन् दुसऱ्यात ७ गेली तरी समजत नाही, अन् गाडी कमी हवेच्या बाजूला ओढते. लो-प्रेशर गेज नसेल तर शिंप्याचा टेप घेऊन दोन्ही टायरांचा मधोमध घेर मोज अन् हवा कमी-जास्त करून तो सारखा कर. शॉकअपच्या स्प्रिंगचा प्रीलोडही, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवली ते, दोन्हीकडे सारखा पाहिजे.

मग फ्रेमखाली जॅक लावून पुढची चाकं उचल अन् लाकडी ठोकळे दे. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली हात घालू नको. चाक वर अन् खाली धरून हलव. खेळ आला तर बेरिंग किंवा बॉल जॉइंट, म्हणजे चाकाकडचा गोळ्याचा सांधा. दोघांत कोणतं ते ओळखायला पोराला पुढचा ब्रेक दाबून धरायला लाव अन् पुन्हा हलव. खेळ गेला तर बेरिंग, कारण ब्रेक लागला की हब (ज्यावर चाक बसते) अन् नकल (हबला धरणारा तुकडा) एक होतात. खेळ तसाच राहिला तर बॉल जॉइंट. नकल अन् ए-आर्म (फ्रेमपासून चाकाकडे येणारा तिकोनी दांडा) यांच्या जोडावर बोट ठेवलं की टकटक लागते. आता चाक डावी-उजवीकडून धर. तिथला खेळ बहुतेक टाय रॉड एंडचा, म्हणजे चाक वळवणाऱ्या दांड्याच्या टोकाचा असतो, आतला की बाहेरचा ते बोटानेच समजते. हँडल वर ओढ, पुढे-मागे ढकल. स्टेम (हँडलचा उभा दांडा) हलली तर खालचं बेरिंग किंवा वरचा बुश गेला. ए-आर्मचे बुश पाहायला पहार लागते, पण हळू.

हँडल सरळ धरलं तरी चाकं तिरपी राहत असतील तर टाय रॉड वाकला किंवा स्टेम पिळली. जुनी स्पोर्ट क्वाड कधी उलटलीच नाही, असं विकणारा सांगतो, आपण मानायचं नाही. टाय रॉड काढून काचेवर लोळव, वाक लगेच दिसतो. तो ठोकून सरळ करू नको, आट्यांपाशी चीर पडते अन् पुढे तिथूनच तुटतो. स्टेमला अन् टाय रॉडला वेल्डिंगही नको. चौकातला वेल्डिंगवाला दहा मिनिटांत करून देईल, पण स्टिअरिंग तुटलं तर माणूस वाचत नाही. कारचा टाय रॉड एंड बसवू असं कोणी सुचवेल, तेही नको. आटे जुळले तरी टेपर, म्हणजे दांड्याचा निमुळतेपणा, जुळत नाही.

बेरिंगचा नंबर सीलवर किंवा कड्यावर कोरलेला असतो, तो दाखवला की चंद्रपुरात बेरिंगच्या दुकानात मिळते. बसवताना बाहेरच्या कड्यावरच ठोक. दोन बेरिंगच्या मधली नळी विसरू नको. ती नसली की नट कसताना बेरिंगवर आडवा दाब येतो अन् नवं बेरिंगही लवकर जाते. स्प्लिट पिन दरवेळी नवी. पिनचं भोक जुळलं नाही तर नट ढिला करू नको, पुढच्या खाचेपर्यंत कस. अन् या दिवसांत काळी माती हबमध्ये लिंपून बसते म्हणून सीलवर प्रेशर वॉशर मारू नको, पाणी थेट आत जाते.

बॉल जॉइंट सोडवताना नट पूर्ण काढू नको, दोन-तीन आटे अडकलेला ठेव. मग नकलच्या ज्या भोकात स्टड (बॉल जॉइंटचा आट्यांचा दांडा) बसतो त्याच्या बाजूवर हातोडीचा एक दणका दे, टेपर सुटते. स्टडच्या टोकावर मारलं तर आटे चेपतात, अन् फोर्क (दोन दातांची पाचर) घातला तर रबरी बूट फाटतो. परत कसताना नटासोबत स्टडच फिरत असेल तर आर्मखाली जॅकचा दाब दे, टेपर घट्ट बसते.

टो, म्हणजे पुढची चाकं आत-बाहेर किती वळलेली ते, सगळ्यात शेवटी बघायचा, कारण ढिल्या जोडांवर घेतलेल्या मापाला अर्थ नाही. गाडी सपाट जागी उभी कर, हँडल सरळ बांध. दोन्ही टायरांच्या मधोमध पुढून एक्सलच्या उंचीवर खडूची खूण कर अन् अंतर मोज. मग चाकं अर्धा फेरा फिरतील इतकी गाडी ढकल, त्याच खुणा मागे येतील, पुन्हा मोज. पुढचं अंतर ३ ते ६ मिलिमीटर कमी पाहिजे. मॉडेलच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तो धर. पुढचं जास्त निघालं तर गाडी सरळ चालतच नाही, सारखी इकडे-तिकडे पळते. दोन्ही टाय रॉड सारखेच फिरव, नाहीतर हँडल तिरपं येईल. एका टोकाला उलटे आटे असतात, जोर लावायच्या आधी पाहून घे. चेक नट (टाय रॉड जागेवर पक्का करणारे) कसून झाले की पुन्हा एकदा मोज.

सगळं झालं की इंजिन चालू ठेवून हँडल दोन्हीकडे शेवटपर्यंत वळव. आवाज वाढला तर थ्रॉटलची केबल ताणली जाते, तिची वाट बदल. ब्रेकचा पाइपही ताणायला नको.

डांबरावर वळताना हँडल जड लागते ही तक्रार मात्र ऐकून सोडून दे. मागच्या एक्सलला डिफरन्शियल नाही, दोन्ही चाकं सारखीच फिरतात, म्हणून गाडी सरळ रेटते. मातीत तसं लागत नाही. तसंही हिला आरटीओ पासिंग नाही, रोडवर काढायचीच नाही. अन् सीट एकाची आहे, मागे पाहुणे बसवू नका म्हणा.

बाबांना इथली एक गंमत सांग. सुटीच्या दिवशी मोठमोठ्या गाड्यांवाले लोक वाळूच्या तोंडाशी थांबतात, उतरतात अन् चारही चाकांची हवा स्वतःच्या हाताने सोडून देतात. चांगली ३५ पीएसआयची हवा १५ वर आणतात. पंक्चर नाही, काही नाही! टायर चपटं झालं की उंटाच्या पायासारखं पसरते अन् रुतत नाही. मग दिवसभर वाळूत फिरायचं अन् संध्याकाळी पंपावर रांग लावून तीच हवा परत भरायची. हवेतही इतका हिशेब असतो हे बाबांना पटणार नाही, पण खरं आहे.

माय उन्हाची काळजी काहून करते? उघड्यावरच्या कामाला १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन कायद्यानेच बंदी आहे, अन् मी तर शेडमध्ये असतो. ४५ अंश आपल्या चंद्रपुरातही होते की. त्यापेक्षा फवारणीच्या वेळी बाबांना तोंड बांधायला लाव अन् वाऱ्याच्या उलट्या दिशेने फवारू देऊ नको.

या महिन्यात पैसे थोडे कमी आले, ते दिसलंच असेल. उन्हाळ्यात गिऱ्हाईक नसते, ओव्हरटाइम नाही. ऑक्टोबरपासून भरून काढतो. आलेल्यातून आधी सोसायटीचं दे. बेबीसाठी वणीचे पाहुणे येणार आहेत तर नीट पाहुणचार करा, पण त्यांनी मोटरसायकलचा विषय काढला तर तिथेच थांबवा. भाऊ दुबईकडे आहे म्हणून त्यांचा आकडा वाढायला नको. माझ्या लग्नाचं माय काढेलच. आधी बेबीचं होऊ द्या.

पोळ्याला येतो म्हटलं होतं, ते यंदाही जमत नाही. मायला सुटी मिळाली नाही एवढंच सांग, तिकिटाचं बोलू नको. तारीख पक्की झाली की बेबीच्या लग्नाला मात्र येतो, त्यासाठीच सुटी राखून ठेवली आहे.

दोन टाय रॉड एंड अन् रबरी बूट सप्टेंबरात गावाकडे येणाऱ्या एका ओळखीच्याजवळ देतो. रिसॉर्टवाल्याकडून पार्टचे पैसे आधी घेजो, मजुरी मागून.

तुझा,
दादा